वरच्या खोलीचं वीजबिल

होळी होऊन गेल्यावरच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला लाइनमन रितेश बुऱ्हाणपूरच्या शिकारपुऱ्यातल्या महाजनांच्या घरासमोर शिडी घेऊन उभा राहिला. गिरधरशेठ ओट्यावर पेपर वाचत होते. आत कोकिळाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकाजी, वरच्या मीटरची लाइन कापायला आलो," रितेश म्हणाला. "आधी सांगून टाकतो, मग बुरा मानू नका."

"वरच्या? का बरं?"

"चार महिन्यांचं बिल बाकी आहे. एकोणीस हजार चारशे."

गिरधरशेठनी पेपरची घडी घातली. "घर चुकलास तू. वर एकच पोरगा राहतो. एक पंखा, एक दिवा. एकोणीस हजार कुठून येतील?"

रितेशनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. नाव गिरधर नथ्थू महाजन, पत्ता हाच. "डिसेंबरात साडेपाचशे युनिट. जानेवारीत सहाशेच्या वर. तुमच्या खालच्या घराला किती येतात? सव्वाशे? वरती काही फॅक्टरी चालून राहिली काय, काकाजी?"

मेथीची काडी हातात तशीच घेऊन कोकिळाबाई बाहेर आल्या. एकोणीस हजार हा आकडा त्यांनीही ऐकला होता. पण त्याहून जास्त त्यांना दुसरंच काही खटकलं.

"थंडीत?" त्या म्हणाल्या. "थंडीत तर पंखासुद्धा बंद असतो. मग डिसेंबर-जानेवारीतच जास्त कसं?"

संध्याकाळपर्यंत पैसे भरा, तोवर मी पुढची घरं करतो, एवढं सांगून रितेशनं शिडी उचलली. दोन्ही मीटर एकाच नावावर होते. वरचं थकलं तर उद्या खालच्यावरही गदा आली असती. गिरधरशेठनी दुपारी पैसे भरले आणि घरी येऊन न बोलता जेवायला बसले. ते न बोलता जेवतात तेव्हा समजावं, की डोक्यात काहीतरी शिजतं आहे.

वरच्या खोलीत राहणारा विपुल पाटील गेल्या जूनमध्ये आला होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगानं काटकुळा, बोलायला गोड. हद्दीच्या पलीकडे महाराष्ट्रात कुठल्याशा लॅबमध्ये नोकरी करतो, असं त्यानं सांगितलं होतं. भाडं पाच तारखेच्या आत यायचं. कागदी बिलं येणं बंद झाल्यावर, "काकाजी, मीटरला माझा नंबर लावून घ्या, मी ऑनलाइन भरत जाईन," असं तोच म्हणाला आणि गिरधरशेठना तेवढीच कटकट कमी झाली. होळीच्या चार दिवस आधी, "गावी जाऊन येतो," म्हणून तो एका टेम्पोतून काही खोकी घेऊन गेला. त्यानंतर त्याचा फोन बंद तो बंदच.

हात धुवून गिरधरशेठ उठले. "ठाण्यात जातो. रिपोर्ट लिहून येतो."

"जा. पण भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली होती का, असं ते पहिलं विचारतील."

गिरधरशेठ चप्पल घालता घालता थांबले. तो फॉर्म दहा महिने कपाटात पडून होता. भाडेकरूची नोंद केली नाही तर घरमालकावरच कारवाई होते, हे त्यांनी याच पेपरात वाचलेलं होतं.

"आधी खोली तर बघू," कोकिळाबाई म्हणाल्या.

कोकिळाबाईंनी तीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीत काढली होती. समोर आलेल्या माणसाला पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, कारण असं विचारत जायचं, हेच त्यांचं काम. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. मात्र विपुलला त्यांनी कधी फार खोदून विचारलं नव्हतं. जवान पोरगा आहे, आपल्या कामाशी काम ठेवतो, उगीच कशाला. आता जिना चढताना एकेक गोष्ट त्यांना आठवायला लागली.

वर सकाळ-संध्याकाळ कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. दोन-तीन नाही, अर्धा-अर्धा तास. "केवढं वरण खातोस रे बाबा," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हा तो नुसता हसला होता. दुसरं म्हणजे साखर. पाच-पाच किलोची थैली तो खांद्यावरून वर न्यायचा आणि खाली चहाला बोलावलं तर म्हणायचा, "काकू, माझ्या चहात साखर नको." तिसरं नारळाचं. कोकिळाबाई दर शनिवारी मारुतीला नारळ फोडत. एकदा त्यानं सांगितलं, "पाणी फेकू नका काकू, मला द्या." तब्येतीसाठी पीत असेल, असं त्यांना वाटलं. वाटी घेऊन तो असा जपून जिना चढायचा, जसं काही गंगाजल नेतो आहे.

"साखर," गिरधरशेठ जिन्यातच थांबले. "कुकर. आणि त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. तुला नाही आला कधी?"

"यायचा की. दवाखान्यासारखा."

"दारू काढत होता, कोकिळा. आपल्या डोक्यावर बसून दारूची भट्टी चालवली पोरानं."

बोलता बोलता त्यांचा आवाज इतका खाली गेला, की शेवटचे शब्द कोकिळाबाईंना ओठांवरून ओळखावे लागले. ठाण्यात जायची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढली नाही.

आपल्याकडच्या किल्लीनं त्यांनी खोली उघडली. आत पाऊल टाकलं आणि दोघंही दारातच उभी राहिली. खोली आरशासारखी स्वच्छ होती. एकट्या पोराची खोली इतकी स्वच्छ असते, हे कोकिळाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खिडकीच्या काचांना आतून चांदीसारखा कागद चिकटवलेला. भिंतीला लागून लोखंडी घोडे, चार-चार फळ्यांचे, आणि प्रत्येक फळीच्या वर ट्यूबलाइटच्या पट्ट्या. कोकिळाबाईंनी मोजल्या, चोवीस भरल्या. कोपऱ्यात खोली तापवायचा हीटर. टेबलावर प्लायवूडची पेटी, पुढून काच, काचेत हात घालायला दोन गोल भोकं. मोरीजवळ वर्तमानपत्रावर काचेच्या बाटल्या धुवून पालथ्या घातलेल्या. जॅमच्या, लोणच्याच्या, कसल्या कसल्या. अडीच-तीनशे तरी असतील.

गिरधरशेठनी एक बाटली उचलून हुंगली. मग दुसरी. "दारूचा वास नाही," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं का वाईट, ते कळलं नाही.

"दारूला दिवे कशाला लागतात?" कोकिळाबाईंनी विचारलं.

भिंतीवर कॅलेंडर होतं आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. '१२ काळ्या, फेकल्या.' '७ पांढरी बुरशी.' 'रात्री नऊ डिग्री, हीटर वाढवला.' फेब्रुवारीच्या एका तारखेला नुसतंच लिहिलं होतं, 'अर्ध्याहून जास्त गेल्या.' शेल्फात सोनाराकडे असतो तसला लहान तराजू आणि चायना ग्रासची पाकिटं सापडली. चायना ग्रास कोकिळाबाईंना माहीत होतं. उपासाला त्या दूध घालून त्याच्या वड्या करत. पण वीस पाकिटांच्या वड्या एकटा माणूस कशाला करेल?

गिरधरशेठ हीटरचं लेबल वाचत होते, तेव्हा त्या वाकून घोड्यांच्या मागे बघत होत्या. तिथे, भिंत आणि लोखंड यांच्या फटीत, एक बाटली आडवी पडलेली होती. झाकण घट्ट, वरून प्लास्टिकची पट्टी. त्यांनी हात घालून ती काढली आणि उजेडात धरली.

आत तळाला दोन बोटं पारदर्शक जेली होती, आणि जेलीतून एक हिरवं पान वर आलेलं होतं. बोटाच्या पेराएवढं. त्याला लागून दुसरं, अजून गुंडाळलेलं. खाली जेलीत पांढरी मुळं दोऱ्यासारखी पसरलेली दिसत होती. माती नाही, पाणी नाही, वारा नाही, आणि तरी ते जिवंत होतं. चिकटपट्टीवर पेननं '४१' असं लिहिलं होतं.

"काय आहे?" गिरधरशेठनी विचारलं.

"रोप आहे हो कसलं तरी," कोकिळाबाई म्हणाल्या. बाटली त्यांनी खाली ठेवली नाही. "बाटलीत लावलंय."

"गांजा."

"गांजाचं पान असं असतं होय? काहीतरीच."

त्या दुपारी गिरधरशेठना झोप लागली नाही आणि कोकिळाबाईंनी झोपायचा प्रयत्नच केला नाही. बाटली ओट्यावर सावलीत ठेवून त्या तिच्यासमोर बसून राहिल्या. पैसे गेले ते गेलेच, पण या पोरानं दहा महिने आपल्या डोक्यावर काय केलं, ते न कळता आपण राहू शकणार नाही, हे त्यांना उमगलं. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर गाव लिहिलेलं होतं, निंबोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली.

"पैसे मागायला चाललीस?" गिरधरशेठनी विचारलं.

"विचारायला चालले."

"काय?"

"ते तिथं गेल्यावर कळेल."

निंबोल्याच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला दोन ट्रक उभे होते आणि केळीचे घड पाल्यात रचून भरणं चालू होतं. विपुल पाटलाचं घर विचारलं तर तिघांनी तीन वाटा दाखवल्या, पण तिन्ही एकाच विहिरीपाशी पोचत होत्या. विहिरीजवळच्या घराच्या ओट्यावर एक पन्नाशीची बाई कापसाच्या पळकाट्यांची मोळी बांधत होती. कपाळावर कुंकू नव्हतं. विपुलची आई, मालूबाई.

"मी बुऱ्हाणपूरची. विपुल आमच्याकडे वरच्या खोलीत राहतो," कोकिळाबाई म्हणाल्या.

मालूबाईच्या हातातली मोळी खाली पडली. "काय झालं माय त्याले?"

"काही नाही, काही नाही. इकडे आले होते, म्हटलं त्याच्या आईला भेटून जावं."

मग घाईघाईनं पाणी आलं, चहा आला, पाठ टेकायला उशी आली. मालूबाई समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली, जणू त्यांच्या तोंडावर कुठेतरी विपुलच दिसेल. "खोली लॅबपासून लांब पडत असन ना त्याले? रोज जाऊन येऊन थकून जात असन. साहेब लोक सुट्टी देत नाही म्हणतो. दिवाळीले आला, तो दोनच दिवस राह्यला."

कोकिळाबाईंच्या हातातला कप तोंडाशीच थांबला. गेल्या दहा महिन्यांत विपुल कधी सकाळी डबा घेऊन बाहेर पडल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. तो गेला तर भाजी, साखर आणायला, एवढंच. नोकरी नव्हतीच. आणि हे या बाईला ठाऊक नाही.

तीस वर्षं त्यांनी लोकांना सरळ प्रश्न विचारले होते आणि सरळ उत्तरं लिहून घेतली होती. आज जिभेवर आलेलं त्यांनी परत गिळलं. पिशवी त्यांनी मांडीवर ओढून घेतली आणि बाटलीवर हात ठेवला.

"ही विहीर तुमचीच?" त्यांनी दुसरंच विचारलं.

"आमचीच. आता सुनी वाटते. तिच्या काठाले माह्या माहेरची केळ होती ना." मालूबाईनं पदर सावरला. "लग्नात मायनं मले एक कंद देला होता. नाव-बिव काही नाही. आम्ही विहिरीची केळ म्हणो. बोटाएवढी केळी, साल कागदावानी. पण घरात घड टांगला की पलीकडच्या गल्लीत वास जाये. मंडीत कोणी इचारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काळी पडे. घरच्याच लेकरांनी खाल्ली ती. विपुल तर तिच्यावरच वाढला."

"मग काय झालं तिचं?"

"हरण्या आला. पानावर पिवळे पट्टे पडतात, पान चिरत जाते. साऱ्या शिवारात आला तो. शेतीवाल्या साहेबानं सांगतलं, उपटून गाडा, नाही तर दुसऱ्याच्या बागा जातीन. खरंच होतं त्याचं. मी माह्या हातानं उपटली." तिनं विहिरीच्या काठाकडे बोट दाखवलं. "विपुलनं तेवढं बुडातलं एक पिल्लू पोत्यात घालून नेलं. म्हणे, साहेबाले दाखवतो. मी म्हटलं, आजारी मायचं लेकरू बी आजारीच असन, कायले नेतो? पण नेलं त्यानं."

पिशवीतली बाटली कोकिळाबाईंच्या हाताला गार लागत होती. काढून दाखवावी असं एकदा फार वाटलं. पण दाखवली असती तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं, मग खोली, मग बिल, मग नोकरी. एक दोरा ओढला की सगळं उसवलं असतं. ते उसवायचं असेल तर त्यानं उसवावं.

"त्याचा फोन लागत नाही," त्या सहज म्हणाल्या. "नवा नंबर आहे का?"

"चार रोज झाले, दुसऱ्याच नंबरवरून बोलला." मालूबाईनं मोबाइल पुढे केला. "तूच पाह्य माय, मले वाचता येत नाही."

फाट्यावर येऊन कोकिळाबाईंनी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून जाडसर आवाज आला. "हां, सुकलाल नर्सरीवाला बोलतो. राजघाटाच्या वाटेवर. बोला, काय पाहिजे? गुलाब आहे, मोगरा आहे."

"केळ आहे का?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"आहे, पण ती विकायची नाही. एका पोराची आहे."

बुऱ्हाणपूरला उतरून त्या घरी गेल्याच नाहीत. बसस्टँडवरून ऑटो केली आणि थेट राजघाटाच्या रस्त्याला लागल्या. म्हणजे पोरगा पळून गेला तो कुठे, तर आपल्या घरापासून दोन-अडीच किलोमीटरवर. राग यायला हवा होता. आला नाही. उलट ऑटोतून उतरल्यावर पावलं भराभर पडत होती.

नर्सरीत हिरव्या जाळीच्या मांडवाखाली विपुल उकिडवा बसला होता. पुढे पाण्याचं घमेलं. एकेक रोप बाटलीतून काढून त्याच्या मुळांना चिकटलेली जेली तो दोन बोटांनी धुवत होता, तान्ह्या पोराचे कान धुवावेत तसं. त्यानं वर बघितलं आणि त्याचा हात पाण्यातच राहिला.

"काकू."

कोकिळाबाईंनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून बाटली काढली आणि त्याच्यासमोर धरली. "हे तुझं राहिलं होतं."

त्यानं पट्टीवरचा आकडा वाचला. "एक्केचाळीस," तो म्हणाला. "मी तीन वेळा मोजल्या, काकू. चाळीसच भरत होत्या. मला वाटलं, टेम्पोत फुटली."

"घोड्यामागे पडली होती. आता मला सांग, हे काय आहे ते. सुरुवातीपासून."

बिलाचं त्या बोलल्या नाहीत म्हणून तो आणखीच भांबावला. पण सुरुवातीपासून सांग म्हटल्यावर त्याला सोपं गेलं. लॅबमध्ये तो केळीची रोपं तयार करायच्या कामावर होता. कंद सोलत सोलत आतल्या अगदी कोवळ्या टोकापर्यंत जायचं, तांदळाच्या दाण्याएवढं. रोग असला तरी कधी कधी तेवढ्या टोकात तो पोचलेला नसतो. ते टोक कापून साखर, खतं आणि चायना ग्रासच्या जेलीत लावायचं. नारळाच्या पाण्यानं त्याला फुटवे येतात. सगळं कुकरमध्ये उकळून निर्जंतुक करावं लागतं, कापताना काचेच्या पेटीत हात घालून स्पिरिटनं पुसत राहावं लागतं, नाही तर साखरेवर आधी बुरशी वाढते.

"रोज सोळा तास उजेड पाहिजे," तो म्हणाला. "आणि पंचवीस डिग्री. कमी नाही, जास्ती नाही. थंडीत रात्री आठ-नऊवर जायचं, म्हणून हीटर."

"म्हणून डिसेंबर-जानेवारी," कोकिळाबाई म्हणाल्या. कालपासून छातीत अडकलेला प्रश्न सुटला तसा त्यांनी मोठा श्वास सोडला.

"लॅबमध्ये मालकांना विचारलं होतं मी. एका कोपऱ्यात करू द्या म्हटलं. ते बोलले, या केळीला बाजार नाही, आणि रोगाचा कंद मी आत येऊ देणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. मी चोरून केलं. पकडला गेलो. काढून टाकलं."

"आणि आईला सांगितलं नाहीस."

त्याचं तोंड एकदम उतरलं. "तुम्ही निंबोल्याला गेल्या होत्या?"

"गेले होते."

"तिला सांगितलं?"

"नाही."

ओल्या हातानंच त्यानं डोळे पुसले.

कोकिळाबाईंनी गिरधरशेठना फोन करून बोलावून घेतलं. ते स्कूटरवर आले, तोंड लाल, उन्हानं आणि रागानं. रस्ताभर त्यांनी बोलायचं पाठ केलेलं असावं, पण मांडवाखाली आल्यावर चष्मा काढून ते आधी त्या रोपांकडेच वाकले.

"एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "एवढ्याशा पानासाठी एकोणीस हजार?"

"काकाजी, मी देणार होतो."

"द्यायचे होते तर फोन बंद का केलास?"

"फोन विकला."

गिरधरशेठ थबकले. मग पुन्हा सुरू झाले. "भाडं वेळेवर देत होतास. मग बिलच का लपवलंस? नंबर बदलून घेतलास तेव्हाच मनात होतं ना?"

"नाही काकाजी. ऑक्टोबरपर्यंत भरलं मी. मग जमवलेले पैसे भाड्यापुरतेच उरले. नोव्हेंबरचं लपवलं. डिसेंबरचं सांगायचं तर आधी नोव्हेंबरचं सांगावं लागलं असतं. मग जानेवारीचं..."

सुकलालनं चहा मागवला. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, शांत माणूस. त्यानंच सांगितलं, की पोरगा इथे दिवसभर राबतो, त्याची त्यानं मजुरी ठरवली आहे, आणि मांडवाचा हा कोपरा त्याला फुकट दिला आहे. "कारण विचाराल तर मला बी पाहायचं आहे, जगतात का नाही."

गिरधरशेठ पन्नास वर्षं गमछे आणि चादरींच्या धंद्यात होते. उधारी बुडवणारा कोण आणि अडकलेला कोण, हे ते तोंड बघून ओळखत असत, निदान त्यांचा तसा दावा होता. चहा संपवून ते म्हणाले, "घोडे, दिवे, हीटर माझ्याकडे राहतील. पैसे फिटेपर्यंत. सुकलालभाऊ, याच्या मजुरीतून महिन्याला दोन हजार थेट मला द्यायचे. कागद लिहून घेतो."

"लिहा काकाजी," विपुल म्हणाला.

"आणि माझं एक," कोकिळाबाई म्हणाल्या. "या रविवारी गावी जा आणि आईला सगळं सांग. मी तिच्या घरचा चहा पिऊन आले. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मला ते जमणार नाही."

त्यानं मान हलवली. पैशाची अट त्यानं लगेच मानली होती, ही मानायला त्याला वेळ लागला.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. कोकिळाबाई एक दिवसाआड सकाळी ऑटोनं नर्सरीत जायला लागल्या. आधी नुसत्या बघायला, मग हातात फवारणीची बाटली आली. पाणी किती मारायचं, जाळी कधी ओढायची, कोणतं पान मरणार आणि कोणतं नुसतं रुसलं आहे, हे त्यांना कळायला लागलं. गिरधरशेठ म्हणायचे, "पैसे द्यायचे त्यानं आणि मजुरी करतेस तू." पण ऑटोचं भाडं तेच हातावर ठेवायचे.

एक्केचाळीसपैकी नऊ रोपं पहिल्या आठवड्यातच गेली. अक्षय्य तृतीयेच्या आसपास दोन दिवस अशी लू वाहिली, की मांडवाखालीही हात लावला तर कुंड्या पोळत होत्या. त्यात अठरा गेली. मेलेली रोपं मोजून विपुलनं वहीत आकडा लिहिला आणि उरलेल्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं. आषाढात चौदातली आठ उरली.

तोवर त्यानं आईला सांगितलं होतं. त्या रविवारी काय झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण पुढच्या मंगळवारी मालूबाई स्वतः नर्सरीत आली, मुलाशी एक शब्द बोलली नाही, आणि कोकिळाबाईंना एका बाजूला घेऊन म्हणाली, "तुले ठाऊक होतं ना माय त्या दिवशी?"

"होतं."

"मग बरं केलं. तुह्या तोंडून आलं असतं, तर मी त्याले कधी माफ नसतं केलं." त्यानंतर ती मुलाजवळ जाऊन बसली आणि रोपांना पाणी घालायला लागली.

आठही रोपांच्या पानांचे तुकडे तपासायला बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. त्याचे पैसे सुकलालनं घातले. वीस दिवसांनी निकाल आला. दोन रोपांत रोग होता, सहा निरोगी. ती दोन विपुलनं उपटून स्वतः जाळली. उरलेली सहा घेऊन श्रावणात ते सगळे टेम्पोनं निंबोल्याला गेले. विहिरीच्या काठाला न लावता, शेताच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बागांपासून लांब, विपुलनं खड्डे खणले होते. गिरधरशेठ बांधावर छत्री उघडून उभे राहिले आणि कोणता खड्डा उथळ आहे ते सांगत राहिले.

वरच्या खोलीत तेव्हा एका बँकेतला कारकून राहायला आला होता. त्याचा फॉर्म गिरधरशेठनी पहिल्याच दिवशी ठाण्यात देऊन पावती घेतली. विपुलचे पैसे अजून अर्धेही फिटले नव्हते, पण महिना चुकला नव्हता.

शेवटचं रोप मालूबाईनं लावलं. माती दाबून झाल्यावर तिनं एक पान बोटांत धरलं, मागून-पुढून पाहिलं, नाकाजवळ नेलं.

"तीच आहे का?" कोकिळाबाईंनी विचारलं. विपुलनं त्यांना सांगितलं होतं, की बाटलीत वाढवलेलं रोप कधी कधी बदलतं. दिसायला तेच असतं, पण फळ वेगळंच निघतं. तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

"पान तर तेच वाटते," मालूबाई म्हणाली. "पण केळं खाल्ल्याबिगर मी काही सांगणार नाही."

"आणि घड कधी लागेल?"

"पुढच्या सालच्या पोळ्याले."

कोकिळाबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले आणि हात धुवायला विहिरीकडे निघाल्या.